उपदेशाला उभं राहायची भीती: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळच्या पत्रांचा सूर साधारण एकच आहे: बोलावंसं वाटतं, पण भीती वाटते. एकामागून एक वाचत गेलं की मात्र कळतं, प्रत्येकाची भीती निराळी आहे. कुणाला अंगाच्या थरथरीची, कुणाला स्वतःच्या पापाची, कुणाला समोरच्या माणसांची. सगळ्यांना एकच औषध देऊन भागणार नाही, म्हणून प्रश्न सुटेसुटेच घेतो.

प्रश्न: पाळकसाहेबांनी पुढच्या महिन्यात उपासनेत संदेश द्यायला सांगितलंय. आतापासूनच छातीत धडधडतं. देवाने आपल्याला भित्रेपणाचा आत्मा दिलेला नाही असं वचन आहे. मग माझा विश्वासच कमी आहे का?

नाही. हे वचन आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिणाऱ्या प्रेषित पौलानेच करिंथच्या मंडळीला पहिल्या पत्रात काय सांगितलंय ते बघा. तुमच्याकडे आलो तेव्हा मी अशक्त होतो, भ्यालेलो होतो, कापत होतो, असं तो दुसऱ्या अध्यायात सरळ लिहून टाकतो. त्याच करिंथात प्रभूने रात्री दर्शन देऊन त्याला सांगितलं होतं की भिऊ नकोस, बोलत राहा, गप्प बसू नकोस (प्रेषितांची कृत्ये १८). जो भ्यालेलाच नाही त्याला भिऊ नकोस असं कोण कशाला सांगेल? पुढे इफिसकरांना बंदिवासातून लिहिताना तो त्यांच्याकडे प्रार्थनेची विनंती करतो: तोंड उघडेन तेव्हा मला शब्द मिळावेत, धैर्याने बोलता यावं. इतकी वर्षं उपदेश केलेला माणूस अजून धैर्य मागतोच आहे. भीती आधी जाऊ दे, मग बोलेन असं ठरवलंत तर तुमची पाळी कधी येणारच नाही. भीतीसकट बोलायची तयारी करा.

आता शरीराचं. अनेक डोळे आपल्याकडे लागले की शरीर त्याला धोका समजतं आणि अ‍ॅड्रेनॅलिन सोडतं. हृदय जोरात धावतं, तोंडाला कोरड पडते, हात थरथरतात. परीक्षेच्या खोलीबाहेर किंवा मुलाखतीच्या आधी हेच होतं. यात आध्यात्मिक असं काही नाही, आणि त्याचा अर्थ लावत बसलं की ते वाढतं. बहुतेकांच्या बाबतीत हा जोर उभं राहण्याच्या आधी आणि पहिल्या एक-दोन मिनिटांत सगळ्यात जास्त असतो, मग आपोआप उतरू लागतो. म्हणून पहिली तीन-चार वाक्यं अगदी तोंडपाठ करा, झोपेतून उठवलं तरी म्हणता येतील इतकी. बाकीचं पाठ करू नका. उभं राहिल्यावर लगेच सुरुवात करायची घाई नको. एकदा सावकाश श्वास सोडा, घेतलात त्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडा, मग वचन वाचा. टिपणाचा कागद हातात धरू नका, समोर ठेवा. सुटा कागद हाताची बारीक थरथरसुद्धा शेवटच्या बाकापर्यंत दाखवतो.

आणखी एक गोष्ट, जी नवख्यांना मी आवर्जून सांगतो. आपण किती घाबरलोय हे सगळ्यांना दिसतंय असं बोलणाऱ्याला वाटतं, पण ऐकणाऱ्यांना ते त्याच्या अंदाजापेक्षा बरंच कमी दिसतं. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली हे प्रयोगांतून दाखवलं. ज्यांना ही गोष्ट बोलायच्या आधीच समजावून सांगितली होती त्यांची भाषणंही अधिक चांगली झाली. तुम्हाला ती आता कळली आहे.

प्रश्न: 'काय बोलावं याची काळजी करू नका, त्या घटकेस ते तुम्हाला सुचवलं जाईल' असं प्रभु येशूने म्हटलंय. मग संदेश लिहून काढणं म्हणजे पवित्र आत्म्यावर अविश्वास दाखवणं नव्हे का? आमच्याकडे काही जण कागद बघितला तरी नाक मुरडतात.

मत्तयाचा दहावा अध्याय सलग वाचा. ते अभिवचन न्यायसभांपुढे, अधिकाऱ्यांपुढे आणि राजांपुढे पकडून नेल्या जाणाऱ्या शिष्यांसाठी आहे. रविवारची तारीख महिनाभर आधी ठाऊक असलेल्या उपदेशकाने त्याच्या आड लपू नये. पवित्र आत्मा व्यासपीठावर साहाय्य करतो आणि गुरुवारी रात्री मेजावर करत नाही, असं कुठे लिहिलंय?

अठराव्या शतकातले अमेरिकेतले उपदेशक जोनाथन एडवर्ड्स आपले संदेश लिहून काढत, आणि त्यांच्या उपदेशाने झालेली आध्यात्मिक जागृती मंडळीच्या इतिहासात नोंदलेली आहे. दुसऱ्या टोकाचं उदाहरण एकोणिसाव्या शतकातले इंग्रज उपदेशक स्पर्जन यांचं. सोळा वर्षांचे असताना एका खेड्यातल्या झोपडीवजा घरी सभेला निघाले होते. सोबतचा मित्र उपदेश करणार अशी त्यांची समजूत होती, आणि वाटेत कळलं की बोलायचं आहे ते आपल्यालाच. ते बोलले, चांगलं बोलले. ही गोष्ट ऐनवेळच्या प्रेरणेचा दाखला म्हणून सांगतात. पण त्याआधी हा मुलगा रविवार शाळेत वचन शिकवत आला होता आणि लहानपणापासून पुस्तकांत बुडालेला होता, हे सोबत सांगितलं जात नाही.

तयारीचा आणि भीतीचा संबंध थेट आहे. नवख्याची निम्मी भीती ही 'मला नेमकं काय म्हणायचंय' हे त्याचं त्यालाच ठरलेलं नसतं म्हणून असते. तेव्हा आधी वचनाचा भाग ठरवा, छोटाच. मागचापुढचा संदर्भ वाचा. मग या भागातून मंडळीला काय सांगायचंय ते एका वाक्यात लिहा. ते वाक्य जमत नसेल तर संदेश तयार नाही, मग टिपणं दहा पानांची का असेनात. वाक्य जमलं की त्याला धरून न राहणारं सगळं काढून टाका, आवडता दाखलासुद्धा. नंतर पूर्ण संदेश मोठ्याने, उभं राहून म्हणा. मनातल्या मनात वाचणं हा सराव नव्हे. जीभ कुठे अडते, कुठलं वाक्य दमात मावत नाही, हे मोठ्याने म्हटल्याशिवाय कळत नाही.

पूर्ण लिहून आणावं की मुद्दे? तुम्हाला ज्याने मान वर करून माणसांकडे बघता येईल ते. नाक मुरडणाऱ्यांना मुरडू द्या.

प्रश्न: मला बोलता येतं, भीती ती नाही. घरात माझी चिडचिड होते, जुन्या चुका आहेत, त्या आमच्या मंडळीतल्या काहींना माहीतही आहेत. 'हा कोण आम्हाला सांगणारा' असं त्यांच्या मनात येणार. खरंही आहे ते.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण ही भीती घालवायची असतेच असं नाही. तुमच्यापैकी पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, शिक्षकांचा न्याय अधिक कडक होईल, असं याकोब तिसऱ्या अध्यायात लिहितो. हे ज्याला थोडंही टोचत नाही अशा उपदेशकाची मला जास्त काळजी वाटते. सोळाव्या शतकात, १५४७ साली, स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज इथे भर मंडळीत जॉन नॉक्स यांना उपदेशाची जबाबदारी घेण्याचं आवाहन झालं. ते रडू लागले आणि उठून आपल्या खोलीत निघून गेले. पुढे याच माणसापुढे राज्यकर्ते बिचकत.

पण दोन गोष्टींत गल्लत करू नका. एक म्हणजे आपली अपात्रता जाणवणं. ती येशूचा शिष्य पेत्र यालाही होती. कोंबडा आरवायच्या आत ज्या प्रभूला त्याने तीनदा नाकारलं, त्यानेच पुढे त्याला 'माझी मेंढरं चार' म्हटलं, आणि पन्नासाव्या दिवशी, म्हणजे पेंटेकॉस्टच्या सणाला, यरुशलेमेत उपदेशाला उभा राहिला तो तोच. दुसरी गोष्ट म्हणजे चालू असलेलं, लपवलेलं, सोडायची इच्छा नसलेलं पाप. तसं काही असेल तर तिथे धीटपणाचे उपाय शोधू नका. आधी पाळकांशी बोला, ज्याचं मन दुखावलंय त्याच्याशी समेट करा, गरज पडली तर काही काळ मागच्या बाकावर बसा. चिडचिडीबद्दल घरच्यांची क्षमा मागितली आहे का? त्यांच्यापैकी कुणी समोर बसलेलं असणार. कुणी काय म्हणेल याची भीती तिथूनच ओसरायला लागते.

आणि बोलताना 'तुम्ही' कमी, 'आपण' जास्त. वचन तुमच्यावरही आहे.

प्रश्न: मी तरुण संघात बोलताना मधेच सगळं विसरले. मागून हसू ऐकू आलं. आता बोलावलं की काहीतरी कारण सांगते.

विसरायला झालं की पवित्र शास्त्राकडे परत जा आणि जे वचन घेतलंय ते पुन्हा मोठ्याने वाचा. ऐकणाऱ्यांना ते जोर देण्यासाठी केल्यासारखं वाटतं आणि तुम्हाला धागा सापडायला वेळ मिळतो. कितीतरी अनुभवी उपदेशक हेच करतात, फक्त सांगत नाहीत.

कारणं सांगणं मात्र थांबवा. टाळलं की त्या क्षणी हायसं वाटतं आणि पुढच्या वेळी भीती आधीपेक्षा मोठी होऊन येते. ताई, लगेच संदेश देऊ नका, पण लवकर उभ्या राहा. उपासनेत शास्त्रपाठ वाचा, मग दोन मिनिटांची साक्ष द्या, मग चार-पाच जणांच्या प्रार्थना सभेत छोटं मनन. पहिल्या मंडळीच्या काळातला अपुल्लो मोठा वक्ता होता, तरी त्याच्या शिकवणीत उणीव होती. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी ती चारचौघांत न काढता त्याला बाजूला घेऊन समजावलं. तसं एखादं माणूस तुमच्या मंडळीत शोधा. तेवढ्या एकाच माणसाचा अभिप्राय मनावर घ्या.

प्रश्न: मंडळीत बोलतो, पण अनोळखी लोकांपुढे उघड्यावर सुवार्ता सांगायचं म्हटलं की पाय जड होतात. लोक हसतील, वाद घालतील. हे पाप आहे का?

प्रत्येकाला चौकात उभं राहायचं पाचारण असतं असं मला वाटत नाही. मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांनाही त्याचा संकोच होता. मंडळीच्या इमारतीबाहेर आत्मे वाचवणं म्हणजे जवळजवळ पापच, इतके आपण शिस्तीला धरून होतो, असं त्यांनी स्वतःच लिहिलंय. सहकारी उपदेशक जॉर्ज व्हाइटफील्ड यांना उघड्यावर उपदेश करताना पाहून २ एप्रिल १७३९ रोजी ब्रिस्टल इथे ते पहिल्यांदा उघड्यावर बोलले.

हसण्याबद्दल म्हणाल तर लोक हसतील. अथेन्समध्ये अरीयपग या सभास्थानी पौल पुनरुत्थानाविषयी बोलू लागताच काही थट्टा करू लागले, काही म्हणाले पुन्हा कधीतरी ऐकू, आणि थोड्यांनी विश्वास ठेवला. तिन्ही गोष्टी एकाच संदेशातून झाल्या. कोण कुठल्या गटात जाईल हे पौलाच्या हाती नव्हतं, तुमच्याही नाही.

वाद जिंकायची तयारी करू नका. पेत्र आशेविषयी उत्तर द्यायला सिद्ध राहा म्हणतो, पण सौम्यतेने. एखाद्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक नसेल तर 'मला माहीत नाही, वाचून सांगतो' असं म्हणा. या एका वाक्याची मुभा स्वतःला दिली की अर्धं ओझं उतरतं. कुणी ऐकायचं नाही म्हटलं तर थांबा. दुसऱ्याच्या श्रद्धेची टिंगल नको. सार्वजनिक जागी बोलण्याचे नियम ठिकाणागणिक वेगळे असतात, ते आधी जाणत्या माणसाकडून समजून घ्या आणि एकट्याने जाऊ नका, जोडीने जा. येशूने शिष्यांना दोघादोघांनीच पाठवलं होतं.

प्रश्न: मी लहानपणापासून तोतरं बोलतो. मला उपदेशाची ओढ आहे. भीती घालवली तर तोतरेपणा जाईल का?

भीतीमुळे अडखळणं वाढतं, पण तोतरेपणाचं मूळ भीती नव्हे. तो विश्वासाचा दोष तर अजिबात नाही. वाचा उपचार तज्ज्ञांना भेटा. आणि तोतरेपणा पूर्ण जाण्याची वाट पाहू नका. सुरुवातीलाच मंडळीला सांगून टाका: 'मी मधे अडखळेन, थोडं थांबा.' लपवायची धडपड संपली की ताण उतरतो. आपण मुखाचे जड आहोत असं मोशेने देवाला सांगितलं तेव्हा देवाने त्याच्या सोबतीला अहरोन दिला, पण मोशेला कामावरून काढलं नाही.

इतर कुणाला भीतीने झोप लागत नसेल, आठवडेच्या आठवडे जेवण जात नसेल, जीव घाबरा होऊन श्वास कोंडत असेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरही गाठा.

प्रश्न: पहिल्या वेळी किती मिनिटं बोलावं?

पंधरा. सावकाश बोललात तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात, त्या हिशेबाने टिपण काढा. पौलाचं भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबलं तेव्हा युतुख नावाचा तरुण झोपेत तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलाला त्याला पुन्हा जिवंत हाती देता आलं, तुम्ही तेवढी जोखीम घेऊ नका. घड्याळ समोर ठेवा आणि शेवटचं वाक्यही पहिल्यासारखं पाठ करून जा, म्हणजे कुठे थांबायचं हे शोधत फिरावं लागणार नाही.