स्पटरिंगचं मशीन नसेल तर थिन फिल्मवर पीएचडी करावी का?

एमएस्सी केमिस्ट्री झालंय, थिन फिल्मवर, म्हणजे काचेवगैरेवर बसवलेल्या अतिपातळ थरांवर, पीएचडी करायचीय, पण विद्यापीठात स्पटरिंगचं, म्हणजे व्हॅक्यूममध्ये थर बसवणारं, मशीन नाही, म्हणून थांबावं का, असं तुम्ही विचारलंय. थांबू नका.

माझ्या पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी केमिकल बाथने, म्हणजे गरम द्रावणात काच बुडवून, कॅडमियम सल्फाइडचे थर बसवत होते. विभागातले एक ज्येष्ठ प्राध्यापक सगळ्यांसमोर म्हणाले, "बीकरमध्ये पिवळं पाणी तापवणं म्हणजे संशोधन नव्हे. व्हॅक्यूमशिवाय फिल्म होत नाही."

नेमकं तेव्हाच माझं काम अडलं होतं. हिवाळ्यात काचेवर गुळगुळीत, आरपार दिसणारे पिवळे थर मिळत होते. एप्रिल लागला आणि सगळं बिनसलं. तीच वही, तीच मापं, तेच 75 अंश. काच बाहेर काढली की वर हळद भुरभुरल्यासारखी भुकटी. सेलोटेप लावून ओढली की अख्खा थर टेपला चिकटून यायचा. दोन महिने मी नुसत्या काचा धूत होते, क्रोमिक ॲसिडने, मग डिटर्जंटने, मग ॲसिटोनने.

दोष अमोनियाच्या बाटलीत होता. कॅडमियमच्या द्रावणात अमोनिया घालताना आधी पांढरा साका येतो, आणखी घातला की तो विरघळून द्रावण नितळ होतं. एक दिवस बीकर खिडकीशी उजेडात धरला, तर पांढुरकी झाक तशीच होती. उन्हाळ्यात दहा हातांनी उघडलेली बाटली, त्यातला अमोनिया उडून गेलेला, आणि मी वहीतल्या मिलिलिटरवर भरवसा ठेवून ओतत होते. अमोनिया कमी पडला की कॅडमियम बांधून राहत नाही. मग सल्फाइड काचेवर सावकाश बसायच्या आत द्रावणातच झटकन तयार होतं आणि त्याचे गोळे काचेवर येऊन पडतात. नवी बाटली फोडली, माप सोडून दिलं, द्रावण नितळ झाल्यावर थोडा जास्तच घातला. संध्याकाळी टेप कोरी निघाली.

हे कुठल्याही मशीनने सांगितलं नसतं. सीआयजीएस (तांबं, इंडियम, गॅलियम आणि सेलेनियमच्या पातळ थराच्या) सौर घटातला जेमतेम 50 नॅनोमीटरचा कॅडमियम सल्फाइडचा थर जगभरच्या प्रयोगशाळा वर्षानुवर्षं अशाच बाथमधून काढत आल्या आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात बाथ आणि स्प्रे पायरोलिसिसवर (तापलेल्या काचेवर द्रावण फवारून थर बसवण्यावर) विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडल्या. त्याला कमी लेखणाऱ्याला केमिस्ट्री कळत नाही, हे माझं मत तेव्हाही होतं, आजही आहे.

आता दुसरी बाजू. टायटॅनियम नायट्राइडसारखं कठीण कोटिंग करायचं असेल तर बीकर कामाचा नाही. एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासणारं यंत्र) आणि एसईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) मात्र हाताशी हवेतच. पातळ थराच्या एक्सआरडीत काचेचा रुंद उंचवटा 25 अंशांच्या आसपास येतो आणि कॅडमियम सल्फाइडची मुख्य रेषा 26.5 च्या जवळ, दोन्ही एकमेकांत मिसळतात, म्हणून पुन्हापुन्हा मोजावं लागतं. नमुने पाठवून महिनाभर वाट बघण्यात उमेद जाते. नेट परीक्षा देऊन जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळवा. 2023 पासून ती महिना 37,000 रुपये आहे, तिच्याशिवाय घरच्यांवर भार पडतो. आणि कॅडमियमचं उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका, वेगळ्या कॅनमध्ये साठवा.

गाइड निवडताना लॅबमधली मशीनं मोजू नका. त्यांना विचारा, "सर, तुमच्याकडे अलीकडे बिघडलेली फिल्म कशामुळे बिघडली?" जे अर्धा तास सांगत बसतील त्यांच्याकडे जा.