तार हलते, मग मीटर का हलत नाही?

प्रश्न : नालाकृती चुंबकाच्या दोन ध्रुवांमधून तांब्याची जाड तार जोरजोरात खाली-वर हलवली. टोकं डिजिटल मल्टीमीटरला जोडली होती. आकडा शून्यापाशीच घुटमळतो. काय चुकतंय?

उत्तर : प्रयोग चुकलेला नाही, मीटर या कामाचा नाही आणि तार एकच आहे. तार चुंबकीय क्षेत्राला काटकोनात असेल आणि क्षेत्र व स्वतःची लांबी या दोन्हींना काटकोनात हलत असेल, तर विभवांतर (तारेच्या दोन टोकांतला व्होल्टचा फरक) म्हणजे क्षेत्र, क्षेत्रात असलेली तारेची लांबी आणि वेग यांचा गुणाकार. फटीतलं क्षेत्र ०.०५ टेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक), ध्रुवाची रुंदी २ सेंटिमीटर आणि हाताचा वेग सेकंदाला अर्धा मीटर धरा. उत्तर येतं अर्धा मिलिव्होल्ट, आणि तोही तार फटीतून पार होईपर्यंत, म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग. साधा डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो आणि मधल्या काळाची सरासरी दाखवतो. शिवाय तार खाली जाताना जे अधिक येतं, ते वर येताना उणे होतं. त्यामुळे जितकी घाई कराल तितकं शून्य पक्कं!

तारेच्या जाडीने रोध (विजेच्या वाटेतला अडथळा) कमी होतो, विभवांतर वाढत नाही. वाढवायचे ते वेढे. ०.२ मिलिमीटरची वाइंडिंग वायर (इनॅमलचा पातळ लेप असलेली तांब्याची तार) घेऊन साधारण १० सेंटिमीटर बाजूच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर १०० वेढे घाला. दोन्ही टोकांवरचं इनॅमल बारीक सँडपेपरने तांबं चकचकीत दिसेपर्यंत खरवडा. निम्मे प्रयोग इथेच फसतात, कारण इनॅमल आणि तांबं यांचा रंग जवळजवळ सारखाच असतो. आता चौकटीची एकच बाजू फटीतून न्या, समोरची बाजू चुंबकापासून लांब राहू द्या. दोन्ही बाजू सारख्याच क्षेत्रात, एकाच दिशेने हलल्या तर त्यांची विभवांतरं एकमेकांना खोडतात. वरच्याच वेगाने आता ५० मिलिव्होल्टच्या आसपास मिळतील.

मीटर काट्याचा घ्या, ५० मायक्रोअ‍ॅम्पिअरच्या रेंजवर. चौकट एका झटक्यात एकाच दिशेने न्या, काटा उडी मारेल. उलटीकडे गेला तर प्रोब (मीटरच्या दोन वायरी) अदलाबदल करा. शून्य मध्यभागी असलेला गॅल्व्हानोमीटर (अगदी कमी विद्युतधारा दाखवणारा काट्याचा मीटर) असेल तर तीही कटकट नाही. एकदा मुद्दाम फटीतली बाजू एका ध्रुवाकडून दुसऱ्या ध्रुवाकडे सरळ न्या : गती क्षेत्राच्या दिशेनेच असल्याने काटा जवळपास ढिम्म राहील.

प्रश्न : विमानाचे पंख पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र कापत जातात. मग त्या विजेवर विमानातला एखादा दिवा का लावत नाहीत?

उत्तर : विभवांतर खरोखरच निर्माण होतं. क्षेत्राचा उभा घटक ४० मायक्रोटेस्ला, पंखांचा विस्तार ६० मीटर आणि वेग सेकंदाला २५० मीटर धरला, तर पंखांच्या दोन टोकांत ०.६ व्होल्ट. पण दिव्यासाठी टोकापासून टोकापर्यंत वायर ओढाल तर तीही विमानाबरोबर त्याच वेगाने तेच क्षेत्र कापते आणि तिच्यातही तेवढेच ०.६ व्होल्ट येतात. पूर्ण मंडल (विजेचा बंद रस्ता) फिरून बेरीज केली की हाती शून्य. मघाच्या चौकटीच्या दोन्ही बाजू क्षेत्रात गेल्यासारखंच हे. नुसत्या हलणाऱ्या तारेकडे बघून हिशेब सुटत नाही. मंडलाचा परतीचा रस्ता कुठून जातो आणि तो तारेसोबत हलतो का, हेही बघावं लागतं.

हा परतीचा रस्ता अवकाशात सापडतो. फेब्रुवारी १९९६ मध्ये कोलंबिया यानातून एक उपग्रह सुमारे २० किलोमीटर लांबीच्या वाहक दोरीने सोडला होता. तिथला विरळ आयनित (विद्युतभारित कणांचा) वायू यानाबरोबर धावत नसल्याने मंडल त्यातून पूर्ण होत होतं. दोरीत सुमारे ३,५०० व्होल्ट निर्माण झाले आणि विद्युतधाराही वाहिली. मात्र दोरी पूर्ण उलगडत आली असताना आवरणातल्या दोषाच्या जागी ठिणगी पडली, दोरी जळून तुटली आणि उपग्रह सुटून गेला.