मागचा डिस्क ब्रेक : पॅड बदलले तरी दुखणे जात नाही

प्रश्न (सातारा) : यवतेश्वर घाट उतरून शहरात पोहोचेपर्यंत माझ्या मोटरसायकलचे मागचे ब्रेक पेडल मऊ पडून खाली बसते. अर्धा तास गाडी उभी केली की पुन्हा ठीक होते. पॅड नवे टाकले आहेत. आणखी काय बदलावे?

उत्तर : ब्रेक ऑइल बदलावे. हे ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते आणि ओलावा वाढला की ते कमी तापमानाला उकळू लागते. डॉट ४ प्रतीच्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी मात्र ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते. उतारावर पाय पेडलवरून न काढता गाडी सोडत आणली, तर डिस्कची उष्णता कॅलिपरमध्ये (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात) उतरते, जुने ऑइल उकळते आणि त्याची वाफ होते. ऑइल दाबले जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणूनच पेडल खाली जाते. गार झाल्यावर वाफ विरते आणि दोष लपून राहतो.

गाडीच्या ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचेच ऑइल, सीलबंद डब्यातले घ्यावे. रंगावर थेंब पडला तर तेथला रंग उठतो, म्हणून पाण्याने भिजवलेले फडके हाताशी ठेवावे. कॅलिपरच्या निपलवर (ऑइल बाहेर काढण्याच्या छोट्या तोंडावर) पारदर्शक नळी चढवून तिचे टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडवावे. घरातल्या कोणाला तरी पेडल दाबून धरायला सांगावे, निपल पाव फेरा सैल करावा, ऑइल आले की घट्ट करावा आणि त्यानंतरच ‘सोड’ म्हणावे. हा क्रम चुकला की बाहेर काढलेली हवा पुन्हा आत जाते. मागच्या ब्रेकची ऑइलची डबी अगदी लहान असते, त्यामुळे दर चार-पाच दाबांनंतर तिच्यात ऑइल भरत राहावे. डबी एकदा रिकामी झाली की हवा आत शिरते, आणि एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत ती घरी निघेलच असे नाही. यापुढे दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे, आणि घाटात खालच्या गिअरमध्ये उतरावे.

प्रश्न (मिरज) : माझ्या कारच्या मागच्या चाकांनाही डिस्क आहेत. नवे पॅड बसवण्यासाठी सी क्लॅम्प (स्क्रूने आवळायचा शिकंजा) लावला, पण पॅड ढकलणारा कॅलिपरमधला पिस्टन आत जाईना. आणखी जोर लावावा का?

उत्तर : मुळीच लावू नये. पुढच्या चाकाचा पिस्टन सरळ दाबला की आत जातो. मागे मात्र अनेक गाड्यांत हँडब्रेकची यंत्रणा कॅलिपरमध्येच असते आणि पिस्टन आतल्या स्क्रूवर बसवलेला असतो, म्हणून तो दाबत दाबत फिरवूनच आत न्यावा लागतो. पिस्टनच्या तोंडावर खाचा दिसल्या की हा तोच प्रकार समजावा. बहुतेक गाड्यांत तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, काहींत एका बाजूचा उलटा फिरतो. शिकाऊ असताना मी असाच क्लॅम्प पिळून एक कॅलिपर निकामी केला होता आणि त्याचे पैसे पगारातून भरले होते. पिस्टन आत गेल्यावर पॅडच्या पाठीवरची गुंडी खाचेत बसते की नाही, हे पाहून मगच कॅलिपर बंद करावा.

या कामात हँडब्रेक सोडलेला असतो, म्हणून गाडी सपाट जागेवर पहिल्या गिअरमध्ये ठेवावी, पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावावेत (वीट नको, ती फुटते) आणि जॅकखेरीज भक्कम स्टँडही द्यावा. हँडब्रेकचा दांडा नसून बटण असेल, तर हँडब्रेक मोटरने लागतो; आधी ती मोटर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे किंवा स्कॅनर (गाडीच्या संगणकाला जोडायचे यंत्र) लावून मागे घ्यावी लागते. स्कॅनर नसेल तर ते काम गॅरेजमध्येच करून घ्यावे. काम झाल्यावर पेडल टणक होईपर्यंत जागेवरच दाबावे. हे राहिले, तर गाडी सुरू केल्यावरचा पहिला ब्रेक लागतच नाही.

प्रश्न (पलूस) : उसाच्या फडातून रोज मोटरसायकल न्यावी लागते. मागचा आतला पॅड पत्र्यापर्यंत झिजला, बाहेरचा निम्मा शिल्लक आहे. पॅड खराब निघाले का?

उत्तर : पॅडचा दोष दिसत नाही. एकच पिस्टन असलेला कॅलिपर ब्रेक लागताना पिनांवर सरकतो, म्हणून दोन्ही पॅड सारखे दाबले जातात. काळ्या मातीचा चिखल फाटक्या रबरातून आत जाऊन वाळला की पिना जाम होतात आणि पिस्टनकडचा पॅड एकटाच झिजत राहतो. पिना काढून साफ कराव्यात, गंजाने खड्डे पडले असतील तर बदलाव्यात, रबरी टोप्या नव्या घालाव्यात आणि सिलिकॉन ग्रीस लावावे. नेहमीच्या पिवळ्या ग्रीसने रबर फुगते आणि पीन पुन्हा अडकते. रॉकेल व डिझेलही रबराजवळ नेऊ नये. पॅड अडकवणारी पीन गंजून घट्ट झाली असेल, तर कॅलिपर गाडीवर असतानाच ती सैल करावी. सुटा कॅलिपर हातात धरून तिच्याशी झटापट करताना तिचे डोके गुळगुळीत होते.

प्रश्न (कराड) : पॅड बसवताना त्यांच्या घासणाऱ्या बाजूला ग्रीसचा हात लागला. पुसले, तरी ब्रेक घसरतो. घासून चालेल का?

उत्तर : ग्रीस पॅडमध्ये मुरते, त्यामुळे घासून उपयोग नाही. पॅडची जोडी बदलावी, डिस्कही ब्रेक क्लीनरने पुसावी, आणि तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा ती पातळ झाली नाही ना, हेही त्याच वेळी मोजून घ्यावे.