नव्या पैलवानाला गुडघ्याविषयी

बेळगाव-खानापूर भागातल्या तालमीत नव्याने येणारा मुलगा पहिल्या दिवसापासून दंड आणि मांड्या कमावण्याच्या मागे लागतो. तुम्हीही तेच कराल, परंतु तांबड्या मातीत पाय रोवून अंग वळवताना सांधा जागेवर धरून ठेवण्यात हाडाला हाड जोडणाऱ्या अस्थिबंधांचा, म्हणजेच लिगामेंटचा, वाटा फार मोठा असतो. गुडघ्यात असे 4 मुख्य अस्थिबंध असतात: बाजूचे दोन गुडघा आत-बाहेर कलू देत नाहीत, तर आतले एकमेकांना छेदणारे दोन नडगीचे हाड पुढे-मागे सरकू देत नाहीत. पाय मातीत रुतलेला असताना धड गर्रकन फिरले, तर या छेदणाऱ्या दोहोंतला पुढचा अस्थिबंध तुटू शकतो. तेव्हा पुष्कळदा ‘कट्’ असा आवाज येतो आणि काही तासांतच गुडघा फुगतो. अशा गुडघ्याला लगेच गरम तेलाने रगडण्याची आपल्याकडची रीत मला मुळीच पटत नाही. लढत थांबवावी, कापडात गुंडाळलेला बर्फ लावावा, पाय उंच ठेवावा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. अस्थिबंधांना रक्तपुरवठा कमी असल्याने ते स्नायूंपेक्षा सावकाश भरून येतात, त्यामुळे सूज उतरली म्हणजे सांधा बरा झाला असे नव्हे. मैदान तोंडावर आले असले, वस्तादांनी आग्रह धरला असला, तरी दुखऱ्या पायावर न डळमळता उभे राहता येईपर्यंत आणि डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत आखाड्यात उतरू नये.