वाचकांचे प्रश्न : डोळ्यांत घालायचे अँटिबायोटिक थेंब

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात थोरल्याचे डोळे आले होते. तेव्हा लिहून दिलेली मॉक्सिफ्लॉक्सासिनची बाटली अर्धी उरली आहे. एक्स्पायरीला अजून वर्ष आहे. आता धाकटीचे डोळे आलेत. तेच थेंब चालतील का? (एक वाचिका, सातारा)

उत्तर : नाही. ती बाटली आजच टाकून द्या. छापलेली एक्स्पायरी सीलबंद बाटलीची असते. एकदा फोडली की बहुतेक बाटल्यांची मुदत एक महिनाच, आणि लेबलवर बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंही असतं. थेंब पडल्यावर आपण बाटलीवरची बोटं सैल करतो, तेव्हा टोकाशी असलेली हवा आणि ओलावा आत ओढला जातो. टोक पापणीला लागलं असेल तर तिथले जंतूही आत जातात. आत अँटिबायोटिक असलं तरी ते प्रत्येक जिवाणूला पुरतं असं नाही, आणि बुरशीवर तर त्याचा काहीच परिणाम होत नाही. यापुढे बाटली फोडली की त्याच दिवशी तिच्यावर पेनाने तारीख घाला.

दुसरं कारण अधिक महत्त्वाचं. दोघांचा आजार एकच आहे हे कशावरून? डोळ्यांच्या साथीत बहुतेकदा विषाणू असतो आणि अँटिबायोटिक विषाणूला काहीही करत नाही. 2023च्या पावसाळ्यात राज्यभर डोळे आले, तेव्हाही घरोघरी या बाटल्या रिकाम्या झाल्या. विषाणूमुळे डोळे आले की पाणी जास्त येतं, सोबत सर्दी किंवा घसादुखी असू शकते, कानापुढे छोटी गाठ लागते. दाट पिवळा पू येऊन सकाळी पापण्या चिकटत असतील तर जिवाणूची शक्यता वाढते. पण ही लक्षणं एकमेकांत मिसळतात, म्हणून मुलीला दाखवून घ्या. तोवर उकळून गार केलेल्या पाण्यात कापसाचा बोळा भिजवून चिपडं पुसा. प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा घ्या आणि आतल्या कोपऱ्याकडून बाहेर पुसत या. तिचा टॉवेल आणि उशीचा अभ्राही वेगळा ठेवा.

प्रश्न : ऊसतोडीत पाचटाची पात डोळ्याला लागली. मेडिकलमधून थेंब आणले. एका दिवसात लाली उतरली. आता पाचव्या दिवशी डोळा ठणकतो, उजेड सहन होत नाही, अंधुक दिसतं. डोस वाढवू का? (एक शेतकरी, कराड तालुका)

उत्तर : एक थेंबही स्वतःहून वाढवू नका. हे वाचाल त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा आणि ती बाटली सोबत न्या.

बाटलीवरचं औषधाचं नाव नीट वाचा. टोब्रामायसिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन किंवा क्लोरॅम्फेनिकॉल या नावापुढे डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन, लोटेप्रेडनॉल किंवा फ्लुओरोमेथोलोन असं काही असेल, तर त्यात स्टेरॉइड आहे. स्टेरॉइड सूज आणि लाली झपाट्याने उतरवतं, म्हणून ‘गुण आला’ असं वाटतं. पण सूज म्हणजे शरीराची झुंज. ती दाबली की जंतूंना मोकळं रान मिळतं. पाचट, भाताचं तूस, ज्वारीचं धाट, काटेरी फांदी यांनी डोळ्याला इजा झाली की बुबुळाच्या पारदर्शक पडद्यावर ओरखडा पडतो आणि त्यातून बुरशी आत शिरू शकते. अशा जखमेवर स्टेरॉइड पडलं तर बुरशी खोलवर पसरते. मग बुबुळावर पांढरा डाग दिसू लागतो. वेळीच आवरलं नाही तर कायमचं फूल पडतं, क्वचित बुबुळाला भोकही पडतं. नागिणीच्या जातीतल्या हर्पिसच्या जखमेतही स्टेरॉइडमुळे असाच घात होतो.

तज्ज्ञ फ्लुओरेसिन हा रंग घालून निळ्या उजेडात जखम पाहतील आणि गरज वाटल्यास ती किंचित खरवडून नमुना तपासतील. बुरशी निघाली तर नॅटामायसिन 5 टक्के हे औषध लागतं. सुरुवातीला ते तासातासाला घालावं लागतं आणि उपचार कित्येक आठवडे चालतात. तोवर डोळ्याला पट्टी बांधू नका. चोळू नका. मध, तूप, अंगावरचं दूध, झाडपाल्याचा रस यांतलं काहीही घालू नका.

लाल रेघ आणि आरएक्सची खूण असलेलं औषध चिठ्ठीशिवाय मागू नये आणि दुकानदारानेही देऊ नये. डोळ्याच्या थेंबांबाबत तर हा नियम फार काटेकोरपणे पाळला पाहिजे. स्टेरॉइड महिनोन्‌महिने घातल्याने काचबिंदू आणि मोतीबिंदू झालेली मुलं डोळ्यांच्या दवाखान्यांत येतात. त्यांना हे थेंब बहुतेकदा डोळ्यांच्या खाजेसाठीच सुरू झालेले असतात.

प्रश्न : आईचे हात थरथरतात. निम्मे थेंब गालावर जातात म्हणून ती दोन-तीन थेंब घालते. 5 मिलीची बाटली चार दिवसांत संपते. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : एका डोळ्याला एकच थेंब पुरतो. खालच्या पापणीच्या खोबणीत त्याहून जास्त मावतच नाही, उरलेलं गालावर ओघळतं. 5 मिलीच्या बाटलीत साधारण 100 थेंब असतात. दोन्ही डोळ्यांना दिवसातून 3 वेळा 7 दिवस घातले तरी 42 थेंबच लागतात.

त्यांना उताणं झोपवा. आधी हात साबणाने धुवा. डाव्या हाताच्या बोटाने खालची पापणी हलकेच खाली ओढा, म्हणजे खिसा तयार होईल. बाटलीचा हात कपाळावर टेकवा. थरथर असली तरी टेकलेला हात स्थिर राहतो. टोक डोळ्यापासून बोटभर वर ठेवून त्यांना वर पाहायला सांगा आणि खिशात थेंब सोडा. थेट बुबुळावर पडला तर डोळा मिटतो आणि औषध बाहेर फेकलं जातं. मग डोळा अलगद मिटून नाकाकडचा कोपरा एक-दोन मिनिटं बोटाने दाबून धरा. तिथून नाकात उतरणारी नळी बंद राहते, औषध डोळ्यात टिकतं आणि घशात येणारी कडू चवही टळते. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन काढतं. मलम असेल तर ते सगळ्यात शेवटी.

प्रश्न : नव्या बाटलीतून थेंबच येईना, म्हणून सेफ्टी पिनने भोक पाडलं. (एक वाचिका, नांदेड)

उत्तर : पिनने जंतू आत जातात, भोक वेडंवाकडं होतं आणि थेंब मोठे पडतात. अनेक बाटल्यांच्या टोपणातच आतून खिळ्यासारखं टोक असतं. टोपण घट्ट फिरवून बसवलं की तेच भोक पाडतं. आधी सुरक्षेचं कडं असेल तर ते काढून टाका.

प्रश्न : तीन दिवसांत डोळा स्वच्छ झाला. थांबवू का? एक वेळ चुकली तर? (एक विद्यार्थी, पणजी)

उत्तर : चिठ्ठीवर लिहिलेले दिवस पूर्ण करा, पण त्यापुढे एक दिवसही नाही. चुकलेला थेंब आठवेल तेव्हा घाला. पुढची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या, दुप्पट घालू नका. थेंब सुरू झाल्यावर पापण्यांची कातडी लाल होऊन सोलत असेल, खाज वाढत असेल, तर ती औषधाचीच ॲलर्जी असू शकते. निओमायसिनने असं बऱ्याचदा होतं. तेव्हा थेंब थांबवून डॉक्टरांना कळवा.

प्रश्न : लेन्स घालून थेंब टाकले तर चालतात का? (एक वाचिका, पुणे)

उत्तर : डोळा लाल असेपर्यंत लेन्स बंद, चष्मा वापरा. वापरात असलेली लेन्स आणि डबी टाकून देण्याआधी डॉक्टरांना दाखवा, जंतू शोधायला त्यांचा उपयोग होतो. लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल होऊन दुखू लागला तर सकाळपर्यंतही वाट पाहू नका. स्यूडोमोनास हा जिवाणू एक-दोन दिवसांत बुबुळ पोखरू शकतो.