उसिकने डब्ल्यूबीओचा पट्टा सोडला तो वॉर्डलीला भिऊन का? चॅम्पियनने स्वतःची जोड स्वतः निवडावी का?

युक्रेनच्या उसिकने हेवीवेट, म्हणजे सगळ्यात वजनदार गटातल्या बॉक्सिंगचा तो जागतिक पट्टा इंग्लंडच्या वॉर्डलीशी न लढता सोडल्याची बातमी आली ती नोव्हेंबर २०२५ मध्ये, ऐन कापूस वेचणीत. आमच्या गावात मोबाईलवर बॉक्सिंग पाहणारे आम्ही सात-आठ जण आहोत. त्या संध्याकाळी पानठेल्यावर हाच वाद रंगला. एक पोट्टा ठासून म्हणाला, "भाऊ, भेला थो त्याले!" तुम्हीही तेच विचारलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भ्याला नाही. पण पुढे कोणाशी लढायचं, याबाबत मात्र माझं त्याच्याशी पटत नाही.

मी नऊ वर्षांपासून आमच्या महाशिवरात्रीच्या दंगलीत कुस्त्यांच्या जोडी लावणाऱ्या कमिटीत आहे. पैलवान भित्रा आहे की नाही, हे आम्ही एकाच गोष्टीवरून ठरवतो. परगावच्या आखाड्यात तो लंगोट कसून उतरतो का? तिथे डफडं त्यांचं, पंच त्यांचे, आरडाओरडाही त्यांचाच. आता उसिकचं पाहा. हेवीवेटच्या खालच्या वजनगटातला पहिला जागतिक किताब २०१६ मध्ये पोलंडच्या ग्लोवाकीकडून घेतला, तोही पोलंडमध्येच. हुकला बर्लिनमध्ये हरवलं, लाटव्हियाच्या ब्रिएदिसला रिगामध्ये, रशियाच्या गासिएव्हला थेट मॉस्कोत, बेल्यूला मँचेस्टरमध्ये. मग हेवीवेटमध्ये येऊन २०२१ साली इंग्लंडच्या जोशुआला लंडनमध्येच. युक्रेनचा माणूस २०१८ मध्ये मॉस्कोत जाऊन त्या खालच्या गटाचे चारही पट्टे घेऊन परत येतो, त्याला भित्रा म्हणायला माझी जीभ वळत नाही.

मग पट्टा सोडला कशाला? इथे संघटनांचा हिशोब समजून घ्यावा लागतो. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ अशा चार संघटना, प्रत्येकीची क्रमवारी वेगळी. प्रत्येकीचा एकेक सक्तीचा दावेदार असतो आणि ठरलेल्या मुदतीत चॅम्पियनने त्याच्याशी लढलंच पाहिजे. शिवाय किताबाच्या लढतीतून बॉक्सरच्या कमाईचा काही हिस्सा संघटना घेते तो वेगळाच. चारही पट्टे एकाच्या कमरेला आले की चार सावकार एकाच कास्तकाराच्या दारात उभे राहतात आणि घरात कापूस असतो एकाच वर्षाचा. अडतिसाव्या वर्षी शरीर वर्षाला दोन मोठ्या लढती देतं, फार तर. त्यामुळे चारही पट्टे फार दिवस एका जागी टिकत नाहीत.

हे आधीही घडलंय. मे २०२४ मध्ये रियाधला इंग्लंडच्या फ्युरीला हरवून उसिक हेवीवेटच्या चारही पट्ट्यांचा मालक झाला. हेवीवेटचा निर्विवाद चॅम्पियन १९९९ मधल्या लेनॉक्स लुईसनंतर तोच पहिला, आणि चार पट्टे एकत्र करणारा तर तोच पहिला. पण करारात फ्युरीशी परतीची लढत होती आणि आयबीएफच्या रांगेत इंग्लंडचा दुबुआ उभा होता. महिना-सव्वा महिन्यात आयबीएफचा पट्टा सोडावा लागला आणि दुबुआला तो न लढता मिळाला. तेव्हाही लोक म्हणाले, पळाला. त्यात २०२३ मधल्या त्यांच्या पहिल्या लढतीचा वाद होताच. पोलंडच्या व्रोत्सवाफमध्ये दुबुआच्या ठोशाने उसिक खाली बसला होता, पंचाने तो ठोसा कमरेखालचा ठरवला, आणि प्रेक्षक बहुतेक उसिकचे होते. म्हणून जुलै २०२५ ची लढत मला फार मोलाची वाटते. या खेपेला आखाडा लंडनच्या वेम्बलीचा, म्हणजे दुबुआच्या घरचा. आमच्याकडे रात्रीचे दोन वाजून गेले होते, सकाळी डवरणीला जायचं होतं, तरी आम्ही जागलो. पाचव्या फेरीत दुबुआ चितपट. सोडलेला पट्टा त्याने रिंगणातच परत घेतला.

खरं पळणं कसं असतं, ते १९९२ मध्ये दिसलं होतं. रिडिक बोने लेनॉक्स लुईसशी लढण्यापेक्षा डब्ल्यूबीसीचा पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला. त्याच लुईसने १९८८ च्या ऑलिंपिक अंतिम लढतीत त्याला हरवलं होतं. हे दोघे व्यावसायिक रिंगणात कधीच समोरासमोर आले नाहीत.

वॉर्डलीचं म्हणाल तर डब्ल्यूबीओच्या रांगेत आधी न्यूझीलंडचा पार्कर होता. उसिकच्या पाठीचं दुखणं निघालं, पार्कर बसून न राहता वॉर्डलीशी लढला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अकराव्या फेरीत हरला. रांगेतली जागा वॉर्डलीला मिळाली, उसिकने पट्टा सोडला आणि वॉर्डली चॅम्पियन झाला. त्याचं वाईट झालं असं मला वाटत नाही.

वाईट होतं ते रांगेत उभं राहणाऱ्याचं. आमच्या दंगलीत तीन वर्षांपूर्वी शेजारच्या गावचा एक पोट्टा मोठ्या इनामासाठी शड्डू ठोकून उभा राहिला. आम्ही त्याचा हात वर धरून आखाड्याला दोन फेऱ्या मारल्या. आधीच्या वर्षीचा विजेता समोरच बसला होता. त्याने गुडघा दुखतो म्हणून सदरा घातला आणि थोड्या वेळाने दुसऱ्याच, वय झालेल्या नावाजलेल्या पैलवानाशी कुस्ती घेतली. गर्दीलाही तेच नाव हवं होतं. आम्ही कमिटीवाले गप्प राहिलो, कारण वर्गणी गर्दीमुळे येते. पोट्टा एसटीने घरी गेला. ते मला अजून सलतं.

म्हणून उसिकच्या पुढच्या लढतीसाठी अमेरिकेच्या वाइल्डरचं नाव पुढे आलं तेव्हा मला तो पोट्टा आठवला. वाइल्डर एके काळचा जबरदस्त ठोसेबाज, पण फ्युरी, पार्कर आणि चीनचा झांग या तिघांकडून हरलेला. आणि इकडे जर्मनीचा अगीत काबायेल. त्याने माखमुदोव्ह, सांचेझ आणि झांग यांना ओळीने पाडलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो डब्ल्यूबीसीचा अंतरिम, म्हणजे हंगामी चॅम्पियन झाला. पोटावरचे त्याचे ठोसे पाहिलेत का? उसिकसारख्या चपळ माणसाचे पाय जड करायचे असतील तर तोच मार लागतो. पण तिकिटं खपवणारं नाव नाही त्याचं. सौदीचा पैसा आल्यापासून एकमेकांचं तोंड न पाहणारे हर्न आणि वॉरनसारखे इंग्लंडचे प्रमोटर, म्हणजे लढती भरवणारे, एकत्र काम करू लागले, फ्युरी-उसिकसारखी अडकलेली जोड लागली, हे चांगलंच झालं. तरी पैसा मोठ्या नावाकडेच वळतो.

हौशी बॉक्सिंगमध्ये हा प्रश्नच नाही. आपल्या नागपूरच्या अल्फिया पठाणने २०२१ मध्ये पोलंडला युवा जागतिक स्पर्धेचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा समोर कोण येणार हे ड्रॉने ठरवलं होतं. व्यावसायिक खेळात तसं होणार नाही, दोघांची सही लागतेच. म्हणून निवडीचा थोडा हक्क चॅम्पियनला असावा, असं माझं मत आहे. एक लढत त्याच्या मनाची, पुढची रांगेतल्याची. उसिकच्या हातात आता मोजक्याच लढती उरल्यात. त्यातली एक काबायेलला मिळावी, आणि हवं तर जर्मनीतच व्हावी. परगावच्या आखाड्याची उसिकला सवय आहेच.