आजोबांचे जुने कृष्णधवल फोटो पुण्यात दुकानात स्कॅन करायला द्यावेत की घरी करावेत? ॲपने साफ केल्यावर चेहरा वेगळाच का दिसतो?

स्कॅनिंग घरी करा, दुरुस्ती हवी तर बाहेर द्या. ही दोन कामं वेगळी आहेत आणि पहिलं बिघडलं तर दुसरं कुणालाच नीट जमत नाही.

आमच्या नारायण पेठेतल्या घरच्या फोटोंवर १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराचे डाग आहेत. पुण्यातल्या नदीकाठच्या बऱ्याच घरांत असे अल्बम सापडतील. म्हणून सांगतो, फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅनर कलरवरच ठेवा. रंगीत स्कॅन लाल, हिरवा आणि निळा अशा तीन चॅनलचा, म्हणजे रंगांच्या तीन थरांचा बनतो. पिवळट-तपकिरी डाग निळ्या चॅनलमध्ये काळाकुट्ट दिसतो आणि लाल चॅनलमध्ये जवळजवळ नाहीसा होतो. फोटोशॉप किंवा फुकटातल्या गिंपमध्ये फक्त लाल चॅनल घेतला की निम्मं काम तिथेच उरकतं. स्कॅनच ग्रेस्केलमध्ये केला असेल तर मात्र ही सोय गेली.

साधा फ्लॅटबेड स्कॅनर पुरतो. ६०० डीपीआय (एका इंचात ६०० ठिपके), फाइल टिफ, म्हणजे जतन करताना तपशील न गमावणारा प्रकार. चार बाय सहा इंचांचा फोटो २४०० × ३६०० पिक्सेलचा होतो, तेवढा पुष्कळ. पासपोर्ट साइज असेल तर १२००. 'ऑटो करेक्शन' बंद ठेवा. मागची बाजूही स्कॅन करा, नावं आणि स्टुडिओचा शिक्का बहुधा तिथेच असतो. दाणेदार कागदावरचा फोटो एकदा सरळ आणि एकदा काचेवरच १८० अंशांत फिरवून (डोकं खाली) स्कॅन करा. दुसरा स्कॅन परत सरळ करून पहिल्यावर लेयर म्हणून ठेवा, दोन्ही नीट जुळवून वरचा ५० टक्के पारदर्शक केला की दाण्यांच्या सावल्या बऱ्याचशा कटतात.

आता ॲपचं. चेहरा पुसट असला की ॲप तो 'साफ' करत नाही, शिकवलेल्या हजारो चेहऱ्यांवरून नवा रचतं. म्हणून सगळ्यांचे आजोबा क्रीमच्या जाहिरातीतले दिसायला लागतात! भिंत, आकाश, सतरंजी यांवर काय हवं ते वापरा. चेहऱ्यावरचे ओरखडे हीलिंग ब्रशने (शेजारचा भाग घेऊन डाग बुजवणारं फोटोशॉप-गिंपमधलं साधन) हातानेच काढा, आणि डोळे पुसट असतील तर पुसटच राहू द्या. दुकानात काम देताना हे आधीच बजावून सांगा आणि टिफची फक्त प्रत द्या. मूळ फोटो घराबाहेर जायची गरजच नाही.

फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, वरचा थर काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन करा.